जग पाठ करण्याची सोपी पद्धत (केंद्र : सोलापूर)

प्रथम अभिनंदन. पदवीचा निकाल लागला आणि ‘आता पुढं काय?’ या प्रश्नाला तुम्ही ‘राज्यसेवा करतोय’ असं उत्तर दिलंत. हे उत्तर एकदा दिलं की पुढची काही वर्षं लग्नाचा विषय कुणी काढत नाही (मुलांपुढं, मुलींपुढं काढतातच). या परीक्षेचा हा पहिला आणि एकमेव खात्रीचा लाभ. बाकी सगळं अभ्यासावर आहे. पूर्वपरीक्षेच्या अभ्यासक्रमात पहिलीच ओळ राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या चालू घडामोडींची. राज्यातलं थोडंफार कानावर पडलेलं असतं, देशातलं टीव्हीवाले ओरडून सांगतात. राहता राहिलं आंतरराष्ट्रीय. ज्यांचा आंतरराष्ट्रीय संबंध आजवर विजापूर रोडपलीकडं गेलेला नाही, अशा नवशिक्यांसाठी ही मार्गदर्शिका.

साहित्य

दोनशेपानी वही, तीन रंगांची पेनं, एक पेन्सिल, एक खोडरबर. पेन्सिल कशाला, ते पुढं कळेल. मोबाइलवर टेलिग्रामचे निदान दहा ग्रुप हवेत. दहाही ग्रुपवर एकच पीडीएफ येते, पण प्रत्येक ठिकाणी तिच्यावर वेगळ्या क्लासचा शिक्का असतो, त्यामुळं अभ्यास दहापट झाल्यासारखा वाटतो.

अभ्यासिकेत जागा पंख्याखालचीच धरा. मे महिन्यात पारा बेचाळीसला टेकलेला असताना आर्क्टिक परिषदेचे आठ सदस्य देश पाठ करायचे असतात आणि भारताला तिथं २०१३ पासून निरीक्षकाचा दर्जा आहे हेही लक्षात ठेवायचं असतं. पंखा नसेल तर डेन्मार्क हटकून विसरतो. नळाला पाणी येण्याचा वार वेळापत्रकात अगोदरच लाल पेनानं लिहून ठेवा. त्या दिवशी घागरी, पिंपं, मोटार यांपुढं कोणतीही शिखर परिषद टिकत नाही.

पायरी पहिली : कोण, कुठं, कितवी

कोणतीही बातमी समोर आली की तिला हे तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं वहीत उतरवून पान उलटायचं. ‘का’ हा चौथा प्रश्न आहे. तो विचारायचा नाही. त्याला पर्याय अ, ब, क, ड नसतात.

उदाहरण घ्या. फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी नाटोचा ३१वा सदस्य झाला, स्वीडन ७ मार्च २०२४ रोजी ३२वा. झालं, उलटा पान. फिनलंडला रशियाची तेराशे किलोमीटरहून लांब सीमा लागते, दोनेकशे वर्षं लष्करी गटांपासून दूर राहिलेलं स्वीडन एकाएकी नाटोच्या दारात का गेलं, आणि तुर्कस्तान-हंगेरीनं त्याला इतके महिने उंबऱ्याबाहेर का उभं केलं, या भानगडीत शिरलात तर अख्खी दुपार गेली म्हणून समजा. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनमध्ये सैन्य घुसवलं. त्यानंतरच्या महिन्यांत तेलाचा डबा आणायला गेलेली आई दुकानदाराशी भावावरून कशी भांडली, हे तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडचं आयातीचं सूर्यफूल तेल मुख्यतः त्याच दोन देशांतून यायचं. दुकानदारानं ‘तिकडं युद्ध चालूय मावशी’ असं म्हटलं तेव्हा आईला काळ्या समुद्राचं राजकारण एका वाक्यात कळलं होतं. पण आई हा प्रमाणित संदर्भग्रंथ नाही. तिचं काही नोट्समध्ये घेऊ नका.

पायरी दुसरी : ट्रिक

ट्रिकशिवाय करंट होत नाही, असं सीनियर सांगतील. ब्रिक्समध्ये अलीकडं कोण आलं? २०२४ च्या सुरुवातीला इजिप्त, इथिओपिया, इराण आणि संयुक्त अरब अमिराती. जानेवारी २०२५ मध्ये इंडोनेशिया. ट्रिक : ‘चार इ, एक अमिराती’. अभ्यासिकेतल्या पोरांना ही सांगा, दोन दिवस तुम्हाला मान मिळेल.

परीक्षेत मात्र पर्यायांत इराक असतो, इटली असते, इस्राईल असतो. सगळे इ. आणि इंडिया तर पहिल्यापासूनच आत. तेव्हा या ट्रिकसाठी आणखी एक ट्रिक लागते, तिच्यासाठी तिसरी. अनुभवी उमेदवारांकडं अशा ट्रिकांची वेगळी वही असते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ते तीच पाठ करत असतात. अर्जेंटिनाला निमंत्रण होतं, तो आला नाही. हे वाक्य ट्रिकमध्ये कुठंच बसत नाही, म्हणून तेच विचारलं जातं.

पायरी चौथी (तिसरी सुधारित अभ्यासक्रमात वगळली आहे) : बैठकीचं गाव

बैठक कुठं झाली ते पाठ करायचं, बैठकीत काय ठरलं ते नाही. बहुतेकदा काही ठरलेलंच नसल्यानं हा भाग सोपा जातो. हवामान परिषदा पाहा. २८वी दुबई, २९वी बाकू, ३०वी ब्राझीलमधलं बेलेम. ३१वी तुर्कस्तानात अंताल्याला, पण वाटाघाटींचं अध्यक्षपद ऑस्ट्रेलियाकडं. मांडव एकाच्या दारात आणि वरमाई दुसरीच. यावर प्रश्न येणार, हे आयोगाच्या स्वभावावरून सांगता येतं.

कॉप म्हणजे हवामानच, असं धरून चालणाऱ्याला २०२४ सालानं धडा शिकवला. त्या एका वर्षात १६वी कॉप दोन ठिकाणी झाली : जैवविविधतेची कोलंबियातल्या काली शहरात, वाळवंटीकरणाची रियाधमध्ये. दोन्ही खऱ्या. तिसरी जात स्थलांतरित प्राण्यांची. तिची १३वी परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला भरली, तेव्हा शुभंकर होता ‘गिबी’ नावाचा माळढोक, आणि त्याच परिषदेत माळढोकाला त्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात जागा मिळाली. हे पाठ करा. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आपल्याच जिल्ह्यात, बार्शी रोडनं तासाभराच्याही आत आहे. तिकडं मात्र जाऊ नका. एक तर रविवार मोडतो. दुसरं म्हणजे, माळरानावर दिसण्यापेक्षा प्रश्नपत्रिकेत दिसण्याचीच शक्यता त्या पक्ष्याची आता जास्त आहे. काळवीट दिसतील, पण काळविटावर यंदा करंट नाही.

पायरी पाचवी : पेन्सिल

पंतप्रधानांची नावं पेन्सिलीनं लिहावीत. नवशिका उत्साहात शाईनं लिहितो आणि वही कायमची बिघडवतो.

जपान : किशिदा. खोडा. इशिबा, ऑक्टोबर २०२४. खोडा. साने ताकाइची, ऑक्टोबर २०२५, जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान. नेपाळ : ओली. सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर बंदी आली, तरुण पोरं रस्त्यावर उतरली, ओलींनी ९ तारखेला राजीनामा दिला आणि १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या. तिथल्याही त्या पहिल्या महिला. (तुमच्याच वयाची पोरं तिकडं सरकार पाडत होती आणि तुम्ही इकडं पडलेल्या सरकारची तारीख लिहीत होतात, असला विचार मनात आला तर चहा घेऊन या.) ‘पहिली महिला’ याचं वेगळं पान करा. मेक्सिकोच्या क्लॉडिया शेनबॉम तिथं येतील आणि नामिबियाच्या नेतुम्बो नंदी-नदैत्वाह येतील. हे दुसरं नाव सकाळी दात घासायच्या आधी पाच वेळा म्हणावं.

फ्रान्स हा प्रगत उमेदवारांचा विषय आहे. २०२४ या एका सालात अताल, मग बार्निये, मग बायरू. सप्टेंबर २०२५ मध्ये लेकोर्नू. त्यांनी ५ ऑक्टोबरच्या रात्री मंत्रिमंडळ जाहीर केलं, ६ ला सकाळी राजीनामा दिला आणि १० ला राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा त्यांनाच नेमलं. त्या आठवड्यात ज्यांनी ‘लेकोर्नू’ खोडलं ते फसले, आणि ज्यांनी आळसानं खोडलं नाही त्यांची वही बरोबर निघाली. करंटमध्ये आळसाला असं फळ क्वचितच मिळतं. ही मार्गदर्शिका छापून तुमच्या हातात पडेपर्यंत वरच्यातली दोन-चार नावं बदललेली असतील. त्यासाठीच तर खोडरबर.

पायरी सहावी : आंतरराष्ट्रीय वर्ष

संयुक्त राष्ट्रसंघ दरवर्षी एखाद-दोन विषयांना वर्ष बहाल करतो. २०२३ भरडधान्यांचं, भारताच्याच प्रस्तावावरून. २०२४ उंटवर्गीय प्राण्यांचं. २०२५ सहकाराचं, शिवाय हिमनद्यांच्या जतनाचंही. २०२६ कुरणांचं आणि पशुपालकांचं, आणि महिला शेतकऱ्यांचंही. चार ओळींत संपलं, दोन गुण पदरात.

इथं सोलापूरच्या उमेदवाराला एक विशेष धोका आहे. बाकीच्यांना हे सगळं परकं असतं, म्हणून त्यांचं पाठांतर निर्वेध होतं. आपल्याकडं मंगळवेढ्याची ज्वारी आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आहे. तेव्हा भरडधान्य वर्षाचं वाचता वाचता भूक लागते. सहकार वर्षाचं पान उघडलं की उसाच्या थकलेल्या बिलाबद्दल वडिलांचे उद्गार आठवतात. ते कोणत्याही उत्तरपत्रिकेत लिहिता येणार नाहीत. पशुपालकांचं वर्ष आलं आणि सांगोला-माळशिरसच्या बाजूनं रस्ता अडवून चाललेली मेंढरं, घोड्यावर लादलेला संसार, मागनं चालणारी धनगराची बाई हे सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. महिला शेतकरी म्हणून कुणाचं चित्र काढायचं, हेही शोधायला लागत नाही. यातलं काही आठवलं तर डोळे मिटून फक्त साल म्हणा : २०२६, २०२६.

पायरी सातवी : नकाशा

नकाशा भिंतीला लावा. त्यावर बाब-अल-मंदेब शोधा, होर्मुझ शोधा, केप ऑफ गुड होप शोधा, रंगीत टाचण्या टोचा. चाबहार टोचा, १३ मे २०२४ ला भारतानं तिथल्या टर्मिनलचा दहा वर्षांचा करार इराणशी केला. एवढ्यावर थांबा.

थांबायचं कारण सांगतो, कारण या बाबतीत पुष्कळ चांगली मुलं वाया गेलेली आहेत. नकाशाची गोडी लागली की माणूस मार्केट यार्डात जाऊ लागतो. तिथं कांद्याच्या ढिगाऱ्यापाशी उभा असलेला शेतकरी तुम्हाला सांगतो, की ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली आणि लिलाव कसा कोसळला. बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण टनाला ५५० डॉलरचा किमान निर्यातदर आणि ४० टक्के शुल्क लावून, म्हणजे दार उघडलं आणि उंबऱ्यावर भिंत घातली. बांगलादेश आपल्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना ढाका सोडून निघाल्या, ही तारीख तुम्ही पाठ करता. आडत्याला ती पाठ करावी लागत नाही, त्याला सीमेवर गाड्या पुढं सरकतायत का एवढंच बघायचं असतं. परराष्ट्र धोरण म्हणजे काय, हे तो पायलीला मापून सांगेल. पण त्याचं बोलणं ऐकून तुमच्या नोट्सची भाषा बिघडते.

तसंच डाळिंबाचं. ६ डिसेंबर २०२४ ला भारतातून समुद्रमार्गे पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियाला चाचणीची डाळिंबं निघाली, सोलापूर भागातली, ५.७ टन. १३ जानेवारी २०२५ ला सिडनीत उतरली. गड्ड्याची जत्रा ऐन भरात होती तेव्हा आपलं फळ तिकडं जकातीच्या रांगेत होतं. यातून वहीत काय घ्यायचं? ‘ऑस्ट्रेलिया, राजधानी कॅनबेरा (सिडनी नव्हे)’. इतकंच. विमानाऐवजी जहाज का, सव्वा महिना फळ टिकवायचं तर काढणीपासून काय काय सांभाळावं लागतं, तेल्या पडलेल्या बागेला परदेशचा बाजार कसा बंद होतो, हे केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातली माणसं तासभर समजावून सांगतील. तो तास कुठून आणणार?

द्राक्षाचंही तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजं धरायला सुरुवात केली, युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, कंटेनरचं भाडं चढलं आणि ऐन हंगामात नाशवंत मालाचा प्रवास लांबला. पंढरपूरकडच्या बागाईतदाराला विचारा, तो बाब-अल-मंदेबचं नाव घेणार नाही, पण किती दिवस वाढले ते सांगेल. तुम्हाला नाव येतं, दिवस येत नाहीत. परीक्षेत नाव विचारतात. तेव्हा तुमचं बरोबर, त्याचं चूक.

आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडं तर फिरकूच नका. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं. २५ आधीचं, २५ रशियाचं तेल घेतो म्हणून वरचं. रशियाचं तेल कुणी घेतलं आणि टॉवेलवाल्याच्या ऑर्डरवर गदा का आली, असा प्रश्न तिथं कुणी तुम्हालाच विचारला (‘तू स्पर्धा परीक्षा करतोस ना, सांग की!’) तर काय करणार? ५० टक्के हा आकडा सांगून निघून या.

पुरस्कार

थोडक्यात. २०२४ चं शांततेचं नोबेल निहोन हिदान्क्यो या अणुबाँबपीडितांच्या जपानी संघटनेला, २०२५ चं व्हेनेझुएलाच्या मारिया कोरिना माचादो यांना. साहित्याचं २०२४ ला हान कांग, २०२५ ला लास्लो क्रास्नाहोर्काई. हे नाव पाठ झालं तर उरलेला दिवस सुटी घ्यायला हरकत नाही.

आंतरराष्ट्रीय बुकर २०२५ : ‘हार्ट लॅम्प’, बानू मुश्ताक, अनुवाद दीपा भास्ती, कथासंग्रहाला पहिल्यांदाच. सोलापुरातल्या निम्म्या अभ्यासिकेनं हे इंग्रजी पीडीएफवरून मराठीत उतरवून पाठ केलं. त्यातल्या कितीतरी जणांच्या घरी अज्जी कन्नडच बोलते आणि त्या १२ कथा मुळात कन्नडच आहेत. तिला विचारण्याचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तर तिनं आधी विचारलं असतं, ‘गोष्ट काय आहे?’ आणि ते आपल्याला येत नाही.

२०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना. रक्कम १० लाख डॉलर, अर्धी त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली. जुना प्रश्न आहे, पण जिल्ह्यातला म्हणून येऊन बसतो.

उत्तरतालिका

एक चुकलं की एका प्रश्नाचे पाव गुण जातात. त्यामुळं ज्याचं उत्तर नक्की माहीत नाही ते सोडावं, असं सगळे सांगतात आणि कुणी सोडत नाही. दोन पर्याय उडाले की हात आपोआप गोल काळा करतो.

परीक्षेनंतर जगात काय खरं आणि काय खोटं, हे जगावर अवलंबून राहत नाही. आधी पहिली उत्तरतालिका येते, मग हरकती जातात, मग अंतिम उत्तरतालिका. एखादा देश एखाद्या संघटनेचा सदस्य आहे की नाही, हे अंतिम तालिकेत ठरतं. त्या देशाला काय वाटतं याला महत्त्व नाही. प्रश्न रद्द झाला तर तो देशच रद्द झाला असं समजून पुढं चालावं.

मुख्य परीक्षेबद्दल

हे पान शक्यतो वाचू नका. २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. नऊ पेपर, १७५० गुण, वरून मुलाखतीचे २७५. ‘का’ आणि ‘कसं’ असं लिहायला सांगतात. वर सांगितलेली पद्धत तिथं चालत नाही. म्हणजे, चालत नाही असं आता दिसायला लागलं आहे. ज्यांनी इतकी वर्षं ती पद्धत शिकवली त्यांनी तातडीनं ‘उत्तरलेखन बॅच’ सुरू केल्या आहेत. मार्केट यार्डात वाया गेलेली मुलं त्यांत सध्या पुढच्या बाकावर दिसतात. यावर ही मार्गदर्शिका भाष्य करू इच्छित नाही.

मुलाखत

समजा, सगळं निभावलं आणि तुम्ही मंडळासमोर बसलात. तुमच्या अर्जावरचा जिल्हा वाचून एक सदस्य म्हणतील, ‘सोलापूरचे का? मग भारत-चीन संबंधांवर बोला.’ तुम्ही शांघाय सहकार्य संघटनेची २०२५ ची परिषद, तिआनजिन, ३१ ऑगस्ट ते १ सप्टेंबर, असं फाडफाड सांगाल. ते मान हलवतील आणि थांबून राहतील. त्यांना दुसरं काही हवं आहे.

त्यांना कोटणीस हवे आहेत. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले एक. चीन तेव्हा जपानशी लढत होता. बाकीचे चौघे परतले, हे राहिले, आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, मुलगा काही महिन्यांचा असताना गेले. वय ३२. म्हणजे वयोमर्यादेच्या हिशोबात तुमचे अजून अटेम्प्ट शिल्लक असतात तेवढं. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. त्यांची समाधी हपै प्रांतात शिच्याच्वांगला आहे, तुम्ही पाठ केलेल्या तिआनजिनच्या शेजारच्याच प्रांतात. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना भेटत आले आहेत, मग सीमेवर काहीही चाललेलं असो.

एवढं बोललात तर सदस्य खूश होतील आणि हमखास विचारतील, ‘त्यांचं स्मारक तुमच्या गावात आहे ना?’

आहे. भैय्या चौकात, त्यांच्या राहत्या घरात, २०१२ पासून. अभ्यासिकेला जाताना वाटेत लागतं. ‘हो सर, पाहिलंय’ असं ठामपणे म्हणा. आत काय काय आहे, असा पुढचा प्रश्न आला तर टेबलावरचा ग्लास उचला आणि सावकाश पाणी प्या.